शिवडीचा साबण आणि त्रिचूरची नीळ



कामगार संघटनेचा माणूस शेअरांवर काय बोलणार, असे या व्याख्यानमालेच्या एका चालकांनी मला हसत विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ताळेबंद वाचायला शिकलो तो बोनसच्या वाटाघाटींसाठी. मालकाचा वकील 'नफा नाही' म्हणे, आणि तो नफा कोणत्या पानावर दडला आहे हे आम्हालाच हुडकावे लागे. हल्ली माझ्याकडे येणारी माणसे वेगळाच कागद घेऊन येतात. स्वेच्छानिवृत्तीचे, ग्रॅच्युइटीचे, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हाती आलेले असतात. मुलगा म्हणतो, शेअर घ्या. मग प्रश्न येतो, "दादा, मोठी कंपनी बरी की लहान?"

नुसत्या 'मोठी' आणि 'लहान' या शब्दांवर उत्तर देता येत नाही. म्हणून आज दोनच कंपन्या घेतो. दोघींचाही माल आपल्या मोरीवर रोज असतो.

पहिली हिंदुस्तान युनिलिव्हर. १९३३ साली लिव्हर ब्रदर्स नावाने हिची येथे नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत शिवडीला साबण निघू लागला. १९५६ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन हिंदुस्तान लिव्हर झाली, आणि तिने आपल्या भांडवलाचा दहावा हिस्सा हिंदी जनतेला देऊ केला. दुसरी ज्योती लॅब्ज. १९८३ साली एम. पी. रामचंद्रन यांनी पाच हजार रुपयांवर केरळात त्रिचूरला 'उजाला' ही पातळ नीळ सुरू केली. पुडीची नीळ कपड्यावर डाग पाडी, ही पाडत नसे. एवढ्या एका गोष्टीवर घराघरांत तिचा प्रवेश झाला. डिसेंबर २००७ मध्ये तिचे भाग बाजारात आले.

आता आकडे. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात थोरलीची विक्री सुमारे ६०,००० कोटी रुपये, धाकटीची सुमारे २,७५७ कोटी. नफा थोरलीचा १०,११४ कोटी, धाकटीचा ३६९ कोटी. म्हणजे थोरलीच्या विक्रीत धाकटी एकवीस-बावीस वेळा मावते. थोरलीने आपली विक्री शेकडा दहाने वाढवायची म्हटले, तर एका वर्षात दोन ज्योतींहून अधिक माल नव्याने खपवावा लागतो. तो कोठे खपवायचा? सर्फ, लक्स, व्हिम ज्या गावात पोचले नाहीत असे गाव आधी शोधावे लागेल. धाकटीला तेवढ्याच वाढीसाठी पावणेतीनशे कोटी पुरतात. वाढायला जागा धाकटीपाशी आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

पण जागा असणे वेगळे आणि तीत चालता येणे वेगळे. २०११ साली धाकटीने हेंकेल या जर्मन कंपनीची इथली शाखा घेतली. प्रिल, हेन्को आणि आपल्या जुन्या कलकत्त्याचा कडुनिंबाचा मार्गो साबण तिच्याकडे आला, पण त्याबरोबर कर्जही आले. कर्जाचे व्याज हा आधी जेवायला बसणारा पाहुणा असतो. भागधारकाचे पान मागून मांडतात. हे कर्ज तिने फेडले, हा तिचा गुण. थोरली मात्र असला घास बसल्या जागी गिळते. १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स तिच्यात विलीन झाली आणि हमाम, मोती हे साबण तिचे झाले. टाटांच्या पंधरा भागांना लिव्हरचे दोन भाग असा दर ठरला. या विलीनीकरणाविरुद्ध लिव्हरची कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९४ मध्ये हरली. तज्ज्ञांनी काढलेला आणि बहुसंख्य भागधारकांनी मान्य केलेला दर न्यायालय पुन्हा मोजत बसणार नाही, असा निकाल झाला. तो निकाल मी चार वेळा वाचला आहे. भाग घेणाऱ्यानेही तो वाचावा, म्हणजे चार-दोन भागवाल्याच्या मताचे वजन किती हे कळेल. आजही थोरलीत ६० टक्क्यांहून अधिक मालकी परदेशी मायकंपनीची आहे, धाकटीत संस्थापकाच्या घराची. जानेवारी २०२३ मध्ये थोरलीने मायकंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या २.६५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३.४५ टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले. आमच्या भाषेत याला आधी कापून घेतलेला पगार म्हणतात.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, हा समजही तपासून घ्या. २००० च्या सुमारास ज्याने लिव्हरचा भाग चढ्या भावाने घेतला, त्याला दहा वर्षांनी जवळपास तोच भाव दिसत होता. मध्ये २००४ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने पावडरीचे भाव उतरवले आणि लिव्हरलाही उतरवावे लागले. कंपनी बुडाली नाही, कारखाने चालू होते, लाभांशही मिळत होता. फक्त घेणाऱ्याने किंमत जास्त मोजली होती.

मार्च २०२४ च्या अखेरीस थोरलीचा एक भाग सव्वादोन हजारांच्या घरात होता आणि त्यामागे वर्षाची कमाई ४३ रुपये. म्हणजे पन्नास पटींहून अधिक किंमत. धाकटीचा चारशेच्या वर, कमाई १० रुपये. चाळीस पटींहून अधिक. दोन्ही महाग. थोरलीने ४३ पैकी ४२ रुपये वाटून टाकले, धाकटीने १० पैकी साडेतीन. ऐकायला थोरली उदार वाटते. पण एक लाख रुपयांचे भाग घेतलेत तर तिच्याकडून वर्षाला साडेअठराशेच्या आसपास हाती येतात, धाकटीकडून नऊशेही नाहीत. त्याच वर्षी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत लाखाला ८,२०० मिळत होते.

म्हणून साठीकडे झुकलेल्या माझ्या बांधवांना मी सांगतो, घरखर्चाचा पैसा आधी पोस्टात. त्यावर उरेल त्यातला थोडा घालायचाच असेल तर थोरलीत घाला, तोही भाव पडलेला असताना. लहान कंपनीचा भाग पडतो तेव्हा घेणारे लवकर मिळत नाहीत, आणि मुलीचे लग्न किंवा दवाखाना बाजाराची तेजी पाहून येत नाही.

मुलगा तिशीचा असेल, नोकरी पक्की असेल, तर त्याने धाकटीकडे जरूर पाहावे. मात्र दर वर्षी तिचा अहवाल मागवावा आणि अध्यक्षांचे भाषण सोडून दोन पाने आधी उघडावीत. कर्ज पुन्हा काढले का, हे एक. आणि नीळ वगळता भांड्यांचा व कपड्यांचा साबण किती खपला, हे दुसरे.