तळ्याचा आकडा कोण लिहिणार?



शेतकी कॉलेजात मला कपाशीला पाणी किती लागतं ते शिकवलं. पाणी कुणाचं, ते कुणी शिकवलं नाही. ते एका तळ्याच्या खटल्यातून कळलं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात मोनो नावाचं तळं आहे. आपल्या लोणारसारखं खारं. ना पिण्याचं, ना ओलिताचं. त्याला मिळणारे ओढे १९४१ पासून लॉस एंजेलिस शहरानं रीतसर परवाना घेऊन वळवले. चाळीस वर्षांत पाणी ४५ फूट उतरलं. काठाची खारी धूळ उडू लागली. पक्ष्यांच्या विणीचं बेट १९७९ साली काठाला जोडलं गेलं आणि कोल्ह्यासारखी जनावरं चालत आत शिरली.

शहर म्हणालं, परवाना आमच्याकडे आहे. १९८३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पाणी ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त. जुना परवानाही पुन्हा तपासता येतो. शहराचं पाणी तोडलं नाही, पण तळ्याचाही हिशेब धरायला लावला. १९९४ साली पाणी मंडळानं आकडा लिहून दिला : समुद्रसपाटीपासून ६३९२ फूट.

तिकडचं इकडे कशाला? बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं याच निकालाचा आधार घेतला. विश्वस्ताचं तत्त्व आपल्याही कायद्यात आलं.

जायकवाडीचंच बघा. 'समन्यायी वाटप' हे शब्द २००५च्या कायद्यात होते. पण २०१४च्या आदेशात १५ ऑक्टोबर ही तारीख आणि ६५ टक्के साठा हा आकडा आला, तेव्हा वरच्या धरणांकडे बोट दाखवून हिशेब मागता आला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला.

मात्र निकाल म्हणजे पाणी नव्हे. तीस वर्षं झाली, मोनो अजून त्या रेषेला पोचलेलं नाही. म्हणून तिथले लोक आजही पाणी मोजतात. लढ्याची सुरुवातही मोजदादीनंच झाली होती. १९७६ साली विद्यार्थ्यांनी काठावर मुक्काम ठोकून पक्षी नि किडे मोजले होते.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. गावतळ्याच्या भिंतीवर फुटांच्या खुणा करा. दर महिन्याच्या एक तारखेला पाणी कुठं आहे ते वहीत लिहा, चार जणांच्या सह्या घ्या. उद्या कुणी परवाना घेऊन मोटर लावायला आला, तर आपल्या हातात नुसती ओरड नको, वही पाहिजे.