वाळक्या अंगातली साखर

इन्सुलिन हा हार्मोन कमी पडला किंवा अंगाला लागला नाही, की मधुमेह होतो. "तो लठ्ठ शेटजींचा रोग, आपल्याला कुठला?" असं आपण हट्ट्यात म्हणतो. ते खरं नव्हे.

१९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस कमी, चरबी मात्र टिकलेली! पुढच्या मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो. पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनानं चांगली भरली.

म्हणून सुनेनं शेवटी उरलंसुरलं खायचं, ही रीत मोडा. गरोदरपणी तिची साखर तपासून घ्या.