रुमाल टाकून धरलेली नावे

आमच्या कळव्याला रेल्वेची कारशेड आहे. सकाळच्या काही लोकल तिथूनच निघतात आणि ठाण्याला येण्यापूर्वीच काही जण आत बसलेले असतात. शेजारी मित्रासाठी रुमाल पसरलेला. मित्र आला तर ठीक. नाही आला तर रुमाल बसून जातो आणि माणूस उभा राहतो.

इंटरनेटवरच्या नावांचेही असेच झाले आहे. आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी फराळाच्या ऑर्डर घेतात. मुलीने एका समाजमाध्यमावर त्यांच्या नावाने खाते उघडायला घेतले, तर नाव आधीच गेलेले! त्या खात्यावर ना फोटो, ना मजकूर. विचारणा केली तर उत्तर आले, 'पाच हजार द्या, नाव तुमचे.'

हा उद्योग तसा जुना. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' असे संकेतस्थळाचे नाव कुणी घेतले, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते वापरण्यास मनाई केली. संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. पण न्यायालयात जाणे मोठ्या कंपन्यांना परवडते. चकलीच्या पैशांत वकील कुठून करायचा? शिवाय संकेतस्थळाच्या नावाला दरवर्षी शुल्क भरावे लागते. समाजमाध्यमावरचे साधे खाते फुकट. रुमालच फुकट, मग टाकायला कोण मागेपुढे पाहणार?

मग पडून असलेली सगळी खाती काढून का टाकू नयेत? मलाही आधी असेच वाटायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सहा महिन्यांहून अधिक काळ न उघडलेली खाती काढण्याचे जाहीर केले. लगेच लोक म्हणाले, 'आमचे माणूस गेले, त्याचे शब्द तेवढे उरलेत, ते पुसू नका.' ट्विटरला ते काम थांबवावे लागले. तेव्हा मला माझा थोरला भाऊ आठवला. त्याचे खातेही बंदच असते. पण त्याच्या वाढदिवशी आमची वहिनी ते उघडून वाचते.

म्हणजे प्रत्येक रिकामी जागा सारखी नसते. फेसबुक, इन्स्टाग्रामवर दिवंगत व्यक्तीचे खाते स्मृती म्हणून जपण्याची सोय आहे. घरच्यांनी कागदपत्रे देऊन ती जरूर करून घ्यावी. ज्या खात्यावर कधी एक अक्षरही उमटले नाही, ते मात्र मागणाऱ्याला मिळावे. आणि विकणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकाने दिले की तो आणखी दहा रुमाल टाकतो.

वहिनींनी पैसे दिले नाहीत. नावापुढे गावाचे नाव जोडले, 'कळवा'. आता लोक ते वाचतात आणि ऑर्डर कळवतात!