एकांतातील गिऱ्हाईक
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापावा की न छापावा, यावर कार्यकारी मंडळात बराच खल झाला, असे चिटणीसांनी मला सांगितले. या वेळेपुरते स्त्रियांनी व तरुण मुलांनी शेजारच्या दालनात बसावे, अशीही एक सूचना आली होती. मंडळाने ती मानली नाही, याबद्दल मी आभारी आहे. ज्या गोष्टीचे नाव घरच्या बैठकीत घेता येत नाही, तिचा धंदा त्याच घराच्या बंद खोलीत बिनबोभाट चालतो. अश्लील चित्रफितींचा व्यापार आपल्या या मौनावरच पोसला गेला आहे.

या चित्रफिती पाहणारा मनुष्य स्वतःची एक समजूत घालून घेतो. तो म्हणतो, "दार बंद आहे, मी एकटा आहे, मी छदामही मोजलेला नाही, मग मी कोणाचे काय बिघडविले?" ही समजूत खोटी आहे. फुकट दिसणाऱ्या या संकेतस्थळांची मिळकत मुख्यतः जाहिरातींवर चालते आणि जाहिरातींचा भाव पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे एकांतात बसलेला तो प्रेक्षक पैसा न मोजताही गिऱ्हाईकच असतो. आणि आपण घेतलेला माल कोठून व कसा आला, हे विचारणे प्रत्येक गिऱ्हाइकाचे कर्तव्य आहे.

तो कसा येतो, याचे न्यायालयात शाबीत झालेले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे, 'गर्ल्स डू पॉर्न' नावाचे एक संकेतस्थळ चालविले जात होते. मॉडेलिंगच्या कामासाठी तरुणी हव्यात, अशी साळसूद जाहिरात देऊन मुलींना बोलावीत. खरे काम कळल्यावर कोणी कचरली, तर "ही चित्रफीत परदेशात तबकड्यांवर विकली जाईल, इंटरनेटवर कधीही येणार नाही" असे वचन देत. पूर्वी काम केलेल्या म्हणून ज्या मुलींशी बोलणे करून देत, त्यांना खोटी ग्वाही देण्याबद्दल पैसे दिलेले असत. प्रत्यक्षात चित्रफिती इंटरनेटवरच प्रसिद्ध झाल्या आणि त्यांतील मुलींची खरी नावेही फुटली. कोणाचे शिक्षण सुटले, कोणाची नोकरी गेली, कोणाला घरच्यांनी दूर केले. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले. त्यांपैकी २२ जणींनी दावा लावला व जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर भरपाई देवविली. मुख्य सूत्रधार परागंदा झाला होता. तो डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची कैद झाली.

आता यातील मर्म पाहा. लाखो लोकांनी त्या चित्रफिती पाहिल्या. पडद्यावर त्यांना काय दिसले? हसणारी, राजीखुशीने आलेली एक तरुणी. फसवणूक चित्रीकरणापूर्वीच झालेली होती आणि अश्रू नंतर यावयाचे होते. पडद्यावर यांपैकी काहीच दिसत नव्हते. प्रत्येक चित्रफीत अशीच बनते, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, संमती खरी की लुबाडलेली, हे पाहणाऱ्याला पडद्यावरून कधीही ओळखता येत नाही.

बडी संकेतस्थळे तरी हे पारखून घेत होती काय? डिसेंबर २०२० मध्ये अल्पवयीन मुलांच्या व बलात्काराच्या चित्रफिती 'पॉर्नहब'वर असल्याची हकीकत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली. व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनी तेथील व्यवहार थांबविले. तेव्हा कोठे, चढविणाऱ्याची ओळख न पटलेल्या सुमारे १ कोटी चित्रफिती त्या संकेतस्थळाने एकदम हटविल्या. नीतीच्या उपदेशाने जे झाले नाही, ते मिळकत अडताच काही दिवसांत झाले! गिऱ्हाइकाच्या हाती केवढे बळ असते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

आता पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हानीविषयी. येथे अतिशयोक्ती करून मुलांना भेडसावणे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, लैंगिक वर्तनावर ताबा न राहणे हा विकार नोंदलेला आहे. परंतु केवळ मनाला अपराधी वाटते म्हणून कोणी रोगी ठरत नाही, असेही तेथे स्पष्ट केले आहे. ज्याची झोप, अभ्यास, नोकरी वा संसार यामुळे बिघडत आहे आणि वारंवार ठरवूनही ज्याला सोडता येत नाही, त्याने निःसंकोचपणे मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. १४४१६ या 'टेली मानस'च्या क्रमांकावर सरकारी साह्य मोफत मिळते.

इतरांसाठी उपाय साधे आहेत. रात्री मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. मन कोणत्या वेळी तिकडे धावते, कंटाळ्याने, एकटेपणाने की चिंतेने, हे पाहून ती वेळ दुसऱ्या कामाने भरावी. विश्वासाच्या एका माणसाला सांगावे. पाय घसरला तर सारे संपले असे न मानता दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागावे. आणि मोह झालाच, तर त्या २२ जणींची आठवण ठेवावी. स्वतःच्या शुद्धतेच्या अभिमानापेक्षा परक्याच्या दुःखाची जाणीव मनुष्याला अधिक काळ सावरून धरते, अशी माझी श्रद्धा आहे.

वडीलधाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक ज्ञान मराठीत मोकळेपणाने सांगितले, आणि अश्लीलतेचे खटले सोसले. ज्ञान देणाऱ्याला आपण शिक्षा केली. आता अज्ञान विकणारा आपल्या मुलांचा गुरू होऊन बसला आहे. ती जागा आईबापांनी परत घ्यावी.

शेवटची गोष्ट आपल्या मंडळाची. उद्या आपल्यापैकी एखाद्या मुलीची चित्रफीत कोणी कपटाने पसरविली, तर आपण काय करू? ती पुढे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत तर अशी चित्रफीत बाळगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. परंतु कायद्याहून मोठी भीती त्या मुलीला आपलीच असते. "आता हिला स्थळ कोण देणार?" हे आपले वाक्य त्या नराधमाच्या हातातील खरे शस्त्र आहे. त्याच्या जोरावर तो तिला धमकावतो, पैसे उकळतो, गप्प बसवितो.

ते शस्त्र बोथट करणे आपल्या हाती आहे. आपल्या वधूवर सूचक मंडळाने या संमेलनात ठराव करावा की, अशा कारणावरून कोणत्याही मुलीचे नाव वहीतून वगळले जाणार नाही, आणि तिच्या तक्रारीच्या वेळी मंडळाचा एक पदाधिकारी तिच्यासमवेत पोलीस ठाण्यात जाईल. ठराव कोणी मांडावा, हे तरुणांनी ठरवावे. अनुमोदन देण्यास मी येथे उभा आहे.