मुंबईच्या प्लेगची रेषा



‘गुंतागुंतीच्या व्यवस्था आणि त्यांचं गणित’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. रोगाच्या साथी, हवामान, समुद्रातली मासळी, शेअर बाजार, सगळं त्यात बसतं. पण तासाभरात हे सगळं उरकायला गेलो तर तुमच्या पदरात काही पडणार नाही. म्हणून मी एकच आलेख घेऊन बोलणार आहे. साथींचं गणित शिकवणाऱ्या जगभरच्या पुस्तकांत तो भेटतो, आणि तो आपल्या मुंबईचा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे: घरांच्या झडत्या, पुण्यातला रँड, चाफेकर बंधू, रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. शाळेतल्या इतिहासामुळे वाटतं की प्लेग एकदा आला आणि गेला. तसं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं तो मुंबईत थंडीच्या दिवसांत डोकं वर काढायचा, मार्च-एप्रिलमध्ये कळसाला पोहोचायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरायचा. दर आठवड्याचे मृत्यू इमानेइतबारे नोंदले जात होते. त्यांतला डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळाचा तक्ता वीस वर्षांनी एडिंबरामध्ये दोन माणसांनी हाती घेतला.

त्यांतले एक अँडरसन मॅकेन्ड्रिक. हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. हिंदुस्थानात बरीच वर्षं काढलेले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. तरुणपणी रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनला गेले होते. हे रॉस म्हणजे १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारे. रॉस गणिताचे नादी होते. मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ आपोआप विझते, हे त्यांनी समीकरणांनी मांडलं. मॅकेन्ड्रिक यांना गणिताची लागण तिथूनच झाली असावी. दुसरे विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात ऐन सव्विशीत त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर तीन वर्षांनी या दोघांनी मिळून साथींवर जो निबंध लिहिला, त्यातलं त्यांचं गणित डोळ्यांशिवाय केलेलं आहे.

१९२७ च्या त्या निबंधातली कल्पना सोपी आहे. लोकांचे तीन गट करा: रोग होऊ शकेल असे, रोग झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीबाहेर पडलेले. पहिल्या आणि दुसऱ्या गटांच्या गाठीभेटींतून रोग वाढतो. त्या काळी दोन मतं होती. साथ ओसरते ती लागण होण्याजोगी माणसं संपल्यामुळे, असं एक मत. जंतूची ताकद घटल्यामुळे, असं दुसरं. या दोघांनी दाखवलं की दोन्हींची गरज नाही. होळी विझते तेव्हा काही लाकडं न जळता राहिलेली असतात, तसंच. रोग होऊ शकेल अशांची दाटी एका मर्यादेखाली गेली की साथ बसते आणि पुष्कळ माणसं रोग न होताच सुटतात. कोविडच्या काळात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलेला ‘आर’ हा आकडा याच घराण्यातला.

मग त्यांनी मुंबईचा तक्ता घेतला. दर आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, असं सूत्र बसवलं. नावाला घाबरू नका. घंटेच्या आकाराची सममित रेषा, एवढंच ध्यानात ठेवा. सूत्राप्रमाणे कळस सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास येतो. मुंबईच्या नोंदींचे ठिपके त्या रेषेला असे लगटून बसतात की पाहणारा खूश होतो. मीही विद्यार्थी असताना खूश झालो होतो.

आता हिशेब करू. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढलं तर सबंध साथीत सुमारे ८,९०० मृत्यू येतात. लागण झालेल्यांतले ऐंशी-नव्वद टक्के दगावत, म्हणजे रोगी झाले दहा हजारांच्या आसपास. शहराची वस्ती तेव्हा नऊ-दहा लाखांच्या घरात. म्हणजे शंभरातल्या जेमतेम एकाला प्लेग झाला आणि नव्व्याण्णव तसेच राहिले. मग दाटी कमी झाली कुठे? तरीही हट्टाने सगळं शहर या मॉडेलमध्ये कोंबायचं ठरवलं, तर साथ चढण्याचा वेग आणि ही एक टक्का लागण यांचा मेळ घालायला प्लेगचा रोगी जेमतेम दोन तासच रोग पसरवतो असं मानावं लागतं. हा हिशेब घरी कागदावर करून पाहा, अर्ध्या पानात होतो. प्लेग काही असा वागत नाही.

खरं कारण परळला सापडत होतं. १९०५ पासून तिथल्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाची माणसं हजारो उंदीर चिरून तपासत होती. आधी गटारातल्या उंदरांत मर लागायची, मग घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. रोग नेणाऱ्या पिसवा. उन्हाळा तापला की पिसवा कमी होत, आणि साथ उतरणीला लागे. म्हणजे रेषा खाली वळली ती उंदीर, पिसवा आणि ऋतू यांच्या संगनमताने. आणि हे सगळं दरवर्षी त्याच महिन्यांत, कॅलेंडर लावून.

तर मग दोन्ही स्कॉटिश विद्वान फसले का? अजिबात नाही, आणि मला आज सांगायचं आहे ते इथेच आहे. त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं आहे की माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची पडछाया आहे. सगळे उंदीर सारखेच, सगळ्यांना लागणीचा धोका सारखाच, ही गृहीतं पुरती खरी नाहीत. सूत्र ढोबळ आहे आणि त्यातल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नयेत. पुढच्या पुस्तकांनी आलेख उचलला आणि ही तळटीप बहुतेक वेळा मागेच राहिली.

आकार जुळला म्हणून कारण जुळलं, हा मोह सगळ्या शास्त्रांत आहे. एडिंबराजवळच्याच युनियन कालव्यावर १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल या इंजिनिअरला एक एकटी लाट दिसली. आकार न मोडता ती पुढे जात राहिली आणि हा गडी घोड्यावरून मैल-दोन मैल तिच्या मागे गेला. १८९५ मध्ये दोन डच गणितज्ञांनी तिचं समीकरण दिलं. त्या लाटेचा आकार काय? हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. मुंबईच्या प्लेगचाच. पाण्यात ना उंदीर, ना पिसवा.

आणखी एक. १९५६ मध्ये किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या तेल उत्पादनाला याच ठेवणीची घंटा बसवली आणि १९७० च्या आसपास कळस येईल असं सांगितलं. १९७० मध्ये तो आला. हबर्टची कीर्ती झाली. पण एकूण तेलसाठा ठरलेला आणि काढण्याची रीत फारशी न बदलणारी, हे त्याचं गृहीत होतं. शेल खडक फोडून तेल काढायला लागल्यावर रेषा पुन्हा वर चढली आणि २०१८ मध्ये जुना कळस मागे पडला. भाकीत खरं ठरलं तेव्हाही गृहीत कच्चंच होतं, ते उघडं पडायला चाळीसेक वर्षं लागली.

गृहीत उघडपणे तपासलं तर काय मिळतं, याचाही दाखला मुंबईचाच आहे. ‘सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात’ हे तीन गटांच्या मॉडेलमधलं सर्वांत नाजूक गृहीत. २०२० च्या जुलैमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, महापालिका आणि नीती आयोग यांनी शहरातल्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. सरासरी काढून एक रेषा ओढली असती तर ती धारावीलाही लागू नाही आणि दादरलाही नाही. टाटा संस्थेच्या आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेच्या लोकांनी मुंबईचं जे मॉडेल संगणकावर उभं केलं, त्यात म्हणूनच झोपडपट्टी वेगळी होती आणि लोकल गाड्यांतली गर्दीही वेगळी मोजली होती. असं मॉडेल दिसायला ओबडधोबड असतं, त्याचं देखणं सूत्र फळ्यावर मांडता येत नाही. मला तेच जास्त विश्वासाचं वाटतं.

सभागृहात शिक्षक बरेच दिसताहेत, त्यांना एक विनंती. मुंबईच्या प्लेगची ती रेषा विद्यार्थ्यांना जरूर दाखवा, पण तिच्याखाली त्या दोघांनी लिहिलेल्या अटीही छापा. त्या छापायच्या नसतील तर रेषाही दाखवू नका.