छापखाना कोणाच्या मालकीचा?

सौरघट म्हटला की काचेची जड तावदाने डोळ्यांपुढे येतात. त्यांतील सिलिकन घडविण्यासाठी ते चौदाशे अंशांहून अधिक तापमानाला वितळवावे लागते. पेरोव्हस्काईट घटाचे तसे नाही. शिसे, आयोडीन व सेंद्रिय क्षार यांचे द्रावण शाईसारखे प्लॅस्टिकच्या फिल्मवर पसरून मंद आचेवर वाळवले की सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा थर वीज देऊ लागतो. वर्तमानपत्राच्या रोटरी यंत्राशी त्याचे साम्य केवळ अलंकारिक नव्हे.

२००९ साली योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घट प्रथम मांडला, तेव्हा त्याची कार्यक्षमता अवघी ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील छोट्या नमुन्यांनी २६ टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे. खर्च परवडणारा नव्हता म्हणून मियासाका यांनी परदेशांत पेटंट घेतले नाही. भांडवलदारी हिशेबात हा निव्वळ वेडेपणा! परंतु त्यामुळेच मूळ कल्पनेवर जकात न भरता अनेक देशांतील संशोधकांना पुढे जाता आले. कुंपणे पडली ती नंतर. ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीपाशी आज पेटंटांचा मोठा साठा आहे.

जपानची कथा अधिक बोलकी आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ साली, तेथील सरकारने ‘सनशाईन’ योजना आखून सौरसंशोधनात जनतेचा पैसा ओतला. या शतकाच्या आरंभी सिलिकन घटांच्या उत्पादनात जपान जगात अग्रेसर होता. पुढे चिनी कारखान्यांनी ती बाजारपेठ काबीज केली. आता आशा आहे ती फिल्मवर. आयोडीनच्या उत्पादनात जपानचा क्रमांक चिलीच्या खालोखाल लागतो, हे एक बळ. साकाई येथील शार्पचा एलसीडी कारखाना २०२४ मध्ये थंडावला. त्याच आवारात सेकिसुई केमिकल ही कंपनी फिल्मचे उत्पादन उभारणार असून खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून यावयाचा आहे. म्हणजे जोखीम जनतेची आणि मालकी भागधारकांची!

अनुदान देऊ नये असे नव्हे. काचेचा भार न पेलणाऱ्या शाळांच्या व्यायामशाळा, गोदामे, जुनी छपरे यांवर ही हलकी फिल्म खरोखरच उपयोगी पडेल. प्रश्न अटींचा आहे. पेरोव्हस्काईटला दमटपणा सोसत नाही. सिलिकनची तावदाने पंचवीस वर्षांच्या हमीने विकली जातात; फिल्मचे आयुष्य अद्याप तेथवर पोहोचलेले नाही. त्यात शिसे थोडे असते हे खरे, पण ते पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात असते. फाटलेली फिल्म पावसात कोणाच्या शेतात, कोणाच्या विहिरीत उतरेल? ती सोलून काढणाऱ्या मजुराच्या हातांचे काय? अनुदानाच्या करारातच फिल्म परत घेण्याची सक्ती, तिच्या खर्चाची आगाऊ ठेव आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या पेटंटांवर सार्वजनिक हक्क ही कलमे असली पाहिजेत. कारखाना सुरू झाल्यावर ती मागण्यास फार उशीर झालेला असेल.