पहिली दुरुस्ती

भिलाईचा पोलाद कारखाना आणि दुर्गची जुनी वस्ती यांच्या परिसरात मोहन नगर आहे. या मुलखाचा मराठीशी संबंध नवा नव्हे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानीही नागपूरच होती. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याच्या कामावर देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे आली, तशी मराठी माणसेही आली. त्यांची नातवंडे आज हिंदी शाळांत शिकतात. मराठी उरली आहे ती स्वयंपाकघरात, आजीच्या तोंडी.

अशाच एखाद्या घरातला विशीचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. तो संगणकाचे शिक्षण घेतो आहे आणि एखाद्या मुक्त आज्ञावलीला आपला हात लागावा, अशी त्याची इच्छा आहे. मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि इतरांस द्यावा अशी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या कार्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. इंग्रजीत 'स्वतंत्र' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्याने स्टॉलमन यांना आपला अर्थ वारंवार उकलून सांगावा लागला. मराठीत 'मुक्त' आणि 'मोफत' हे दोन शब्द निराळे असल्यामुळे तो खटाटोप आपल्याला करावा लागत नाही!

तरुणाची समजूत अशी, की येथे जाण्यास मोठी गणिती विद्वत्ता हवी. वस्तुतः अनेकांचे पहिले पाऊल पडते ते एखाद्या लहानशा चुकीपाशी. वाटा दाखवणारी एक आज्ञावली तो मराठीतून वापरून पाहतो. 'नागपूरपासून', 'अमरावतीपासून' हे ठीक वाटते. पण पुढे 'पुणेपासून', 'ठाणेपासून' दिसते आणि तो थबकतो. आजी असे कधी म्हणत नाही. ती 'पुण्यापासून' म्हणते.

चुकीचे मूळ मोठे मनोरंजक आहे. आज्ञावलीतील वाक्ये एका यादीत असतात : वर इंग्रजी, खाली मराठी. गावाच्या नावासाठी जागा रिकामी सोडून तेथे टक्क्याची खूण व एक रोमन अक्षर ठेवतात. नाव मागाहून, यंत्राकडून भरले जाते. इंग्रजीत नाव कोणतेही आले तरी त्याचे रूप पालटत नाही. मराठी नाम मात्र प्रत्यय लागताच सामान्यरूप धारण करते, आणि बिचाऱ्या यंत्राला हे कोणी शिकवलेले नसते.

दुरुस्ती करावी, तर मनात शंका येते : मराठी शाळेचे तोंडही न पाहिलेल्याने मराठीत चूक काढावी काय? दोन दिवस तो गप्प राहतो. मग यादीची प्रत उतरवून घेतो, 'या ठिकाणापासून : ' असे लिहून नाव शेवटी येईल अशी योजना करतो आणि उत्साहाच्या भरात आणखी तीस ओळीही 'सुधारून' पाठवतो.

ती परत येते. परीक्षकाने दोन शेरे मारलेले असतात. एका ठिकाणी रिकाम्या जागेची खूण पुसली गेली आहे, त्यामुळे नाव उमटणारच नाही. आणि एका वेळी एकच विषय पाठवावा. कचेरीतून शेऱ्यासह परत आलेले प्रकरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या तरुणाच्या मनाची कल्पना येईल. परंतु कचेरीत आणि येथे एक अंतर आहे. येथे शेरा उघड असतो, कारण लिहिलेले असते आणि उत्तर देण्याचा अधिकार नवख्यालाही असतो. सौम्यपणे बोलणारे परीक्षक सर्वत्र भेटतात असे नव्हे; काहींचे उत्तर महिनोन्महिने येतच नाही आणि कित्येक होतकरू तेथूनच माघारी फिरतात.

हा फिरत नाही. उरलेल्या ओळी तो बाजूला काढतो, खूण पुन्हा जागेवर बसवतो, आणि आपण हे का बदलले ते चार वाक्यांत लिहितो. 'पुणे' आणि 'पुण्या' यांतला भेद त्या परक्या परीक्षकाला समजावून सांगताना त्याला प्रथमच कळते, की आजीकडून ऐकलेल्या बोलीला व्याकरण आहे आणि ते आपल्याला येते.

आठवड्याने दुरुस्ती स्वीकारली जाते. बदलांच्या नोंदवहीत एका ओळीपुढे त्याचे नाव लागते. पुढच्या आवृत्तीत तो आजीला पडदा दाखवतो. ती चष्मा सावरून वाचते आणि म्हणते, "हे बरं आहे. पण खाली 'उजवीकडे' पाहिजे तिथं 'बरोबर' लिहिलंय बघ."